घरी मासे करणं आणि हनिमूनला नीट जेवणं: नवीन जोडप्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात माझ्याकडे मासे शिकायला येणाऱ्यांत बरीचशी नवी जोडपी असतात. एकाच्या घरी रविवारचे मासे ठरलेले, दुसऱ्याच्या घरी अंड्यालाही वेगळं भांडं. शिकून झालं की पुढचा प्रश्न हमखास असतो: कोकणात फिरायला जातोय, तिथे जेवायचं कुठे आणि काय? प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. घरी काय आणि प्रवासात काय, माझं सांगणं एकच आहे: आधी आज ताजं काय आलंय ते बघा आणि पदार्थ त्यावरून ठरवा. बहुतेक जण याच्या बरोबर उलटं करतात.

पहिल्यांदाच मासे करायचे आहेत. कुठल्या माशापासून सुरुवात करू?

सुरमई. मधला काटा जाड असतो आणि हाताला लगेच लागतो, मांस घट्ट असतं आणि तुकड्या विक्रेताच करून देतो. एकदा हात बसला की बांगड्याकडे वळा. तो स्वस्त आहे, चवीला माझ्या मते सुरमईच्या वरचढ आहे आणि कालवणाला त्याच्यासारखा मासा नाही.

पापलेटवर शिकू नका, महाग पडतं. तळहातापेक्षा लहान पापलेट तर घेऊच नका. एकदाही अंडी न घातलेली पिल्लं असतात ती. २०२३ साली पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं, ते त्याची संख्या घटत चालल्याच्या काळजीतूनच. आपण पिल्लं विकत घेणं थांबवलं, तर ती पकडण्यातही कोणाला फायदा उरणार नाही.

पुण्यात ताजा मासा कुठे मिळतो, आणि कधी जावं?

गणेश पेठेतला मासळी बाजार सगळ्यात मोठा. त्याशिवाय कॅम्पात शिवाजी मार्केट आहे, खडकीचा बाजार आहे आणि आता उपनगरांतही चांगली दुकानं झाली आहेत. पुण्याला समुद्र नाही. मुंबईहून, रत्नागिरीकडून आणि बाहेरच्या राज्यांतूनही बर्फात भरलेला माल पहाटे इथे उतरतो. त्यामुळे सकाळी लवकर गेलेलं बरं.

वाराचंही गणित आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारी घरं इथे पुष्कळ. त्या दिवशी उठाव कमी असतो आणि आदल्या दिवशीचा माल पडून राहिलेला असू शकतो. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी आवक चांगली, निवडायला वाव जास्त. रविवारी गर्दी सोसत नसेल तर शुक्रवारी सकाळी जा.

आणि बाजारात गेल्यावर ‘सुरमई आहे का?’ असं विचारू नका. असली तर ती तुम्हाला मिळेल, मग ती कशीही असो. ‘मावशी, आज आलेलं काय आहे?’ असं विचारा. दोन-तीनदा त्याच मावशींकडे गेलात की त्या स्वतःच सांगतील, ‘आज सुरमई नको गं, बांगडा घे, बघ कसा चमकतोय.’ असा सल्ला मिळायला लागला की बाजारातलं निम्मं काम झालं.

ताजा मासा ओळखायचा कसा?

डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, आत गेलेले किंवा दुधाळ नकोत. कल्ला उचलून बघा: आत लाल किंवा गडद गुलाबी हवा, तपकिरी झाला असेल तर पुढच्या टोपलीकडे जा. पोटाजवळ बोटाने दाबा, खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा हवा, नाकाला झोंबणारा नको.

तुकड्या करून ठेवलेला मासा शक्यतो घेऊच नका. अख्खा निवडा आणि समोर कापून घ्या. कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं असावं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या असाव्यात. उघडी दिसली तर टिचकी मारा, मिटली नाही तर ती मेलेली आहे. शिजवल्यावर उलट बघायचं: जी उघडत नाही ती टाकून द्यायची.

मासा तव्याला चिकटतो आणि उलटताना तुटतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा मासा ओला असतो आणि तवा पुरेसा तापलेला नसतो.

तुकड्या धुवा, पण धुतल्यावर स्वच्छ पंच्याने टिपून घ्या. ही पायरी कोणी करत नाही आणि सगळा फरक इथेच पडतो. मग हळद, लाल तिखट, आलं-लसणाचं वाटण, मीठ आणि थोडं कोकमाचं आगळ लावा. आगळात मीठ असतंच, तेव्हा वरचं मीठ हात राखून घाला. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. लिंबू लावून तासन्‌तास ठेवाल तर आंबटाने बाहेरचं मांस आधीच आवळतं आणि तळल्यावर कोरडं लागतं.

बारीक रवा आणि तांदळाचं पीठ निम्मं निम्मं घ्या. रव्याने कुरकुरीतपणा येतो, पीठ तो धरून ठेवतं. तुकडी त्यात घोळवली की जास्तीचं पीठ झटकून टाका, नाहीतर ते तेलात जळतं आणि पुढच्या सगळ्या तुकड्यांना कडवट वास लागतो. बिडाचा तवा चांगला तापवा, तेल सोडा, ते पातळ होऊन पसरलं की तुकडी ठेवा.

आता हात मागे. आच मध्यम करा आणि तीन-चार मिनिटं तिला हलवूही नका. कडेकडे बघत राहा. कच्चं मांस काचेसारखं किंचित पारदर्शक असतं, शिजेल तसं ते खालून वर पांढरं होत येतं. पांढरी रेघ निम्म्याच्या वर आली की उलथनं कडेने सरकवून बघा. तयार झालेली तुकडी स्वतःहून सुटते. सुटत नसेल तर अजून अर्धं मिनिट द्या. एकदाच उलटायची, दुसरी बाजू थोडी कमी वेळ. तव्यावर गर्दी करू नका: चार तुकड्या एकदम घातल्या की तवा गार पडतो आणि मासा तळला न जाता वाफेवर शिजतो.

साधं, नेहमी जमेल असं एखादं कालवण सांगा.

बांगड्याचं, तिरफळं (कोकणातलं उग्र वासाचं मसाल्याचं फळ) घालून. दोघांना तीन मध्यम बांगडे पुरतात, एक उद्यासाठी उरतोही.

वाटीभर ओलं खोबरं, सहा-सात बेडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून, चमचाभर धणे, चार-पाच मिरी दाणे, अर्धा छोटा कांदा, हळद. हे गंधासारखं बारीक वाटायचं. भरड राहिलं तर रस आणि चोथा वेगळा दिसतो. पातेल्यात वाटण, पाणी, मीठ आणि चार-पाच कोकमं घालून आधी उकळी आणा. आठ-दहा तिरफळं आतलं काळं बी काढून जराशी ठेचा आणि त्यात सोडा. मसाल्याचा कच्चा वास गेला की मग मासे घाला. माशांना सहा-सात मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही, म्हणून मसाला आधी आणि मासे शेवटी. मासे पडले की पळी बंद. पातेलं दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवा, नाहीतर तुकडे मोडतात.

फोडणी नाही. गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडा आणि झाकून अर्धा तास विसरून जा. खोबरेल नको असेल तर नसू दे, पण तो अर्धा तास सोडू नका. रात्रीचं कालवण सकाळी जास्त चांगलं लागतं, हा कोकणातल्या प्रत्येक घराचा अनुभव आहे. तिरफळ मात्र बांगडा, तारली अशा तेलकट माशांनाच घाला. पापलेटसारख्या सौम्य माशाची चव त्यापुढे टिकत नाही.

बोंबील कुरकुरीत होत नाहीत.

त्यांच्यात पाणी फार. पोटातून उभे चिरून मधला काटा काढा, मीठ लावा, दोन पंच्यांमध्ये पसरा आणि वर पाट ठेवून त्यावर वरवंटा किंवा जड डबा ठेवा. अर्ध्या तासात पंचा भिजून जाईल. मग तिखट आणि रवा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, वासाची फार धास्ती वाटते.

ताज्या माशाला फारसा वास नसतो. वास राहतो तो धुतलेल्या पाण्याचा, तळणीच्या तेलाचा आणि कचऱ्याचा. मासा बाजारातच साफ करून आणा. धुतलेलं पाणी सिंकमध्ये साचू देऊ नका, मागोमाग भरपूर पाणी सोडा. तेल त्याच दिवशी काढून टाका. काटे आणि डोकी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना ओल्या कचऱ्यात द्या. एवढं केलं की शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही. हाताला बेसन आणि लिंबू चोळा.

घर घेतानाच मालकांना स्पष्ट विचारा. लपवून खाण्यात कुणालाही सुख नाही.

आमच्यात एक जण मासे खात नाही. मग?

मग जबरदस्ती नाही, आणि ‘एकदा खाऊन तर बघ’ दर रविवारी नाही. खाणाऱ्याने तवा वेगळा ठेवावा आणि आपली भांडी आपण घासावीत. शिकायची इच्छा असेल तर सुरुवात तळलेल्या तुकडीपासून करा, रस्सा नंतर. पहिल्या वेळी काटे काढून द्या, कारण माशांची भीती बहुतेकदा काट्यांची असते.

हनिमूनला मासे खायचे तर पुण्याहून कुठे जावं?

किती दिवस आहेत त्यावर.

दोनच दिवस असतील तर समुद्राचा हट्ट सोडा आणि भिगवणला जा. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. उजनीच्या पाण्यातली चिलापी आणि मरळ तिथे खूप ठिकाणी मिळते, आणि हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला होडीतून जाता येतं. गोड्या पाण्यातला मासा म्हणून नाक मुरडू नका. तिथला झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी हा आपल्या देशावरचा खास बेत आहे.

तीन-चार दिवस असतील तर ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, किंवा पुढे दापोलीकडे मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले. माझी निवड हर्णैची. संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव होतो. होड्या लागतात, टोपल्या वाळूत उतरतात, बोली भराभर चढते आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. विकत काही घ्यायचं नसलं तरी तासभर उभे राहा. वीस प्रकारची मासळी नावांसकट कळते आणि रात्री काय मागवायचं तेही आपोआप ठरतं. दिवेआगरला शाकाहारी घरगुती जेवणही उत्तम मिळतं, तेव्हा वर म्हटल्याप्रमाणे एक जण मासे खात नसेल तर ते गाव निवडा: एकाला सुरमई, दुसऱ्याला वालाचं बिरडं आणि उकडीचे मोदक.

आठवडा हाताशी असेल तर मालवण. अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणून जायचा एक आणि यायचा एक दिवस सोडूनच द्या. तारकर्ली-देवबागच्या बाजूला राहा आणि एका सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर जा. नशीब असेल तर रापण ओढताना दिसेल: लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांनी माणसं ते किनाऱ्यावरून ओढत आणतात. तोच मासा दुपारी ताटात असतो. बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, मोरीचं मटण (मोरी म्हणजे लहान शार्क) आणि सोलकढी, यातलं काही चुकवू नका.

जून-जुलैत लग्न आहे. तेव्हा मासे मिळतील का?

यांत्रिक नौकांना दरवर्षी साधारण १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, ही दोन्ही कारणं. त्या दिवसांत किनाऱ्यावर ‘ताजी सुरमई’ म्हणून जे वाढतात ते बहुधा फ्रीजरमधलं असतं. खाडीची मासळी, कोळंबी, खेकडे मागा, किंवा सुक्याकडे वळा. सोड्यांची (सोललेल्या सुक्या कोळंबीची) खिचडी आणि सुकटीची चटणी पावसात जितकी रंगते तितकी एरवी रंगत नाही. खरी मजा हवी असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये जा.

रिसॉर्टचं जेवणासकट पॅकेज घ्यावं का?

नाश्ता घ्या, दोन्ही जेवणं घेऊ नका. पैसे भरलेले असले की माणूस तिथेच जेवतो, आणि चांगलं जेवण बहुतेकदा गावातल्या खानावळीत असतं.

खानावळीत काय आणि कसं मागावं?

सकाळी दहाच्या आत फोन करा किंवा समोरून जाताना सांगून ठेवा: दोघं आहोत, दुपारी एकला येतो, आज काय आलंय? घरगुती खानावळीत मोजून रांधतात. अडीचला जाऊन उभे राहिलात तर उरलेलं मिळेल किंवा दार बंद असेल.

दोन वेगळ्या थाळ्या मागवा आणि वाटून खा. एक सुरमईची घ्या, दुसरी जे स्थानिक आणि स्वस्त असेल त्याची: मांदेली, बोंबील, मुडदुशे. मेनूकार्डावर पापलेट किंवा खेकड्यापुढे ‘एपीएस’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ आकारमानाप्रमाणे दर. मासा आधी बघून भाव विचारा. यात संकोच कसला? तिथले लोकही विचारतातच. जेवण आवडलं तर आत जाऊन करणाऱ्या काकूंना सांगा. मसाल्याचं प्रमाणही बऱ्याचदा तिथेच कळतं.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर स्वतः करावं का?

एक वेळ जरूर करा, रोज नको. घरून छोट्या डब्यांत हळद, तिखट, मालवणी मसाला, मीठ, कोकम, थोडा रवा आणि एक धारदार सुरी न्या. अशा खोल्यांतली सुरी कधीच धड कापत नाही. संध्याकाळी बंदरावरून मासा, तिथल्या दुकानातून तांदूळ आणि लिंबू. तळलेला मासा आणि भात, एवढाच बेत. वाटण-घाटण घेऊन बसू नका, त्यासाठी घर आहे.

प्रवासात पोट बिघडू नये म्हणून काय सांभाळावं?

ताम्हिणीची वळणं लागायच्या आधी वडे-मिसळ नको, पोहे किंवा इडली पुरे. दिवसातून एकच जेवण भरपेट ठेवा, शक्यतो दुपारचं. सोलकढी छान, पण बर्फाशिवाय मागा. कच्ची कालवं (शिंपल्यांचाच एक प्रकार) खाऊ नका. ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत असू द्या.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं अशी लक्षणं दिसली तर डॉक्टरांकडे जा. आणि त्याआधीच, बर्फाशिवाय मांडलेला बांगडा घेऊ नका.

घशात काटा अडकला तर?

भाताचे गोळे आणि केळी गिळू नका, काटा आणखी खोल रुतू शकतो. हळू खोका, पाणी प्या. टोचणं थांबलं नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. श्वास अडत असेल किंवा रक्त येत असेल तर थेट दवाखाना गाठा.

मासे खाऊन दूध प्यायलं तर कोड होतं का?

नाही, याला वैद्यकीय पुरावा नाही. आयुर्वेदात हा विरुद्ध आहार मानतात, त्यामुळे ज्यांना पाळायचं त्यांनी पाळावं. पण रात्री मासे खाऊन आइस्क्रीम खाल्लं म्हणून नव्या सुनेला घाबरवू नका.

दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर मासे चालतात?

चालतात, चांगलेच असतात, फक्त निवडून. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून मोरी आणि भली मोठी सुरमई टाळा. बांगडा, तारली, बोंबील, कोळंबी पूर्ण शिजवून खा. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

येताना मासे पुण्याला आणता येतील का?

येतात. निघायच्या सकाळीच घ्या, आदल्या संध्याकाळी नाही. पोट साफ करून घ्या, पण तुकड्या करू नका. थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फाचा, एक पिशवीतल्या माशांचा, वर पुन्हा बर्फ, आणि चिकटपट्टी गच्च. खोकं डिकीत उन्हाच्या बाजूला ठेवू नका. वितळलेल्या पाण्यात मासा पोहायला नको, म्हणून वाटेत एकदा थांबून पाणी काढा आणि बर्फ भरा. घरी आल्यावर आज-उद्याचं फ्रीजमध्ये, बाकीचं एकेका वेळेपुरतं वेगळं बांधून फ्रीजरमध्ये. एकदा वितळलेलं परत गोठवू नका.

सुकं आणणं सोपं आहे: सोडे, जवळा, सुके बोंबील. दोन-दोन पिशव्यांत बांधा, नाहीतर कपड्यांना वास लागतो. सासरी-माहेरी वाटायचे असतील तर सोडे आणा. महाग आहेत, पण ते बघून कोणीही खूश होतं.